एका पानामागे एक्केचाळीस हजार

नारिन गावच्या वाचनालयातल्या मागच्या खोलीत बेगिमाय लॅपटॉपला डोळे लावून बसली होती. क्लाउड कंपनीने बजावलं होतं: साइट वारंवार कोलमडते, पाच वाजेपर्यंत कारण कळवा, नाहीतर बंद. म्हणजे शेजारी चहा पीत बसलेल्या, वडीलधारे म्हणून सगळे 'अके' म्हणत त्या तेमिरकुल अकेंनी अकरा वर्षं घोड्यावरून हिंडून जमवलेली जमातीची वंशावळ बंद.

"काय मोजतेस, पोरी?"

"सर्व्हर किती वेळा माहिती शोधतो, ते. काउंटर लावलेत."

"मेंढ्या मोजल्यासारखं?"

"मेंढ्या बऱ्या, अके. एका जागी थांबतात."

"तू मेंढ्या राखलेल्या नाहीस."

साडेतीनपर्यंत आकडा शून्यावर होता. मग कुठल्याशा कुरणावरून कुणीतरी वंशावळीतलं स्वतःचं पान उघडलं. एकानेच. चारशे, नऊ हजार, एक्केचाळीस हजार. सर्व्हर आडवा.

बेगिमायने नोंदी उलगडल्या. "प्रत्येक पान बापाचं पान बोलावतंय."

"बापाविना माणूस दाखवायचा? मीच बजावलं होतं."

"आणि बाप सगळी पोरं घेऊन येतो."

"मग? जेवणावळीला कधी कुणी एकटा आलाय?"

"त्या पोरांची पोरंही येतात."

"येणारच," अके जरा अभिमानानेच म्हणाले.

म्हणजे एकाने हाक मारली की अख्खी जमात उठत होती, थेट दंतकथेतल्या हरिणीच्या पोटी जन्मलेल्या मूळ पुरुषापासून. सर्व्हर सावरल्यावर खात्रीसाठी तिने अकेंचंच पान उघडलं. आकडा चढू लागला. अकेंनी पेला ठेवला, कल्पाक डोक्यावर नीट बसवला आणि उभे राहिले.

"काय झालं?"

"एवढी मंडळी आली. बसून राहू?"

तिला हसू यायला हवं होतं. पण पडद्यावरची आलेखाची रेघ चढतच राहिली. एक्केचाळीस हजार माणसं, बहुतेक मातीखालची, एका बोटाच्या टिचकीसरशी उठून येत होती. तिचे पाय तिला न विचारताच सरळ झाले. दोघं उभ्याउभ्या बघत राहिली, सर्व्हर पुन्हा आडवा होईपर्यंत.

"अके, माणसाला किती पिढ्यांचे बाप तोंडपाठ हवेत?"

"सात. शेंबडं पोरही सांगेल."

"मग सातच बोलवू. पोराबाळांना घरी ठेवून."

अकेंनी पेल्यात पाहिलं. चहावर साय धरली होती.

"बोलव."

पाच वाजायला दहा मिनिटं असताना तिने बदल केला, कारण कळवलं आणि अकेंचं पान पुन्हा उघडलं. अके अजून उभेच होते. आकडा: आठ. रेघ हललीसुद्धा नाही.

"हा आठवा कोण घुसला?"

"तुम्ही, अके."

अकेंनी आकड्याकडे पाहिलं.

"मग मीही पाहुणाच," ते म्हणाले आणि खाली बसले.