जयाच्या हौदाची तोटी

जया गेली आणि तिचे मासे माझ्याकडे राहिले. हिंडलग्याच्या आमच्या घराच्या सोप्यात सिमेंटचा एक लहान हौद आहे, पुढची बाजू काचेची. तिनेच गवंड्याला सांगून तो बांधून घेतला होता. खाली भिंतीतून प्लास्टिकचा आखूड पाईप बाहेर काढलेला, त्याच्या आट्यांवर एल्बो म्हणजे काटकोनी जोड, आणि एल्बोत तोटी. दर आठवड्याला तोटी सोडून ती थोडं जुनं पाणी काढायची आणि ताजं भरायची.

मी पाण्याच्या खात्यात फिटर. निम्म्या बेळगावात मी जोडलेले पाईप आहेत. पण घरच्या हौदाला माझा हात लागला नाही. मी लोखंडी पाईप आणतो म्हणालो तर ती म्हणाली, "नको. लोखंड गंजतंय. यल्लाप्पा म्हणतोय प्लास्टिकच घाला."

हा यल्लाप्पा तिच्या माहेरचा, निपाणीत त्यांच्याच गल्लीत वाढलेला. तिला आक्का म्हणायचा. कोगनोळीला त्याचं पाईपचं दुकान होतं, आसपासचे शेतकरी त्याच्याकडूनच प्लास्टिकचे पाईप न्यायचे. एक दिवस मी कामावर असताना तो आला, आणि मी परत आलो तेव्हा तोटी बसलेली होती. शेजारच्या सोनुबाईने मला रस्त्यातच गाठलं.

"रवळूभावजी, पावणा आलता तुमच्यात. लई वेळ बसलतीत दोघं सोप्यात. जया तर नुसती हसत हुती."

मी जयाला काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "बघा की, एक थेंब गळत न्हाई." मी बघितलं. पुढे कित्येक वर्षं बघत राहिलो. कामावरून आलो की चप्पल काढता काढता जोडाखालून बोट फिरवायचो. ओलं लागावं असं वाटायचं. बोट कोरडंच यायचं.

पंच्याऐंशी साली जया गेली. दसऱ्याच्या सुमारास जोड गळायला लागला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. यल्लाप्पाचं काम गळलं एकदाचं. आता मी दाखवतो जोड कसा असतो, असं मनाशी म्हणालो आणि पिशवीतून माझं सामान काढलं.

मासे प्लास्टिकच्या बादलीत ठेवले, हौद रिकामा केला. एल्बो तोटीसकट फिरवून काढला. पाईपच्या आट्यांत पातळ पांढरी टेप होती, ती सुरीने खरवडून टाकून दिली. मग नेहमीच्या सवयीने आट्यांवर सूत गुंडाळलं, वर सफेदा म्हणजे शिशाचा पांढरा लेप लावला, एल्बो चढवला आणि पाना लावून आवळला. लोखंडाला आवळतात तसाच. आणखी एकदा जोर दिला तेव्हा टच् असा आवाज आला आणि एल्बो उभा चिरला.

बेळगावच्या दुकानांत त्या मापाचा एल्बो मिळाला नाही. दोन दिवसांत बादलीतला एक मासा पोट वर करून तरंगला. जयाने तो पिल्लू असताना आणला होता. राहिलेले वरती येऊन तोंड उघडत होते. हे पण गेले तर तिचं जिवंत असं घरात काही उरणार नव्हतं. मी चिरलेला एल्बो तोटीसकट पिशवीत घातला आणि कोगनोळीला उतरायचं म्हणून कोल्हापूरची गाडी धरली.

यल्लाप्पाने मला बघितलं आणि गल्ल्यावरून उठला. "या दाजी, या. बसा." मी बसलो नाही. पिशवी पुढे केली. त्याने एल्बो काढला, चिरेतला सफेदा बोटाने पुसून बघितला.

"दाजी, सूत घातलासा?"

"व्हय."

"आणि पाना लावलासा." तो हसायला लागला. "लोखंडाचा राग प्लास्टिकवर काढलासा की. सूत फुगतंय, प्लास्टिक फुटतंय. हे हातानं आवळायचं, वर जरासा पीळ. बास. आणि तो सफेदा माशांच्या पाण्यात? एक बी जगला नसता."

"तू केलेलं काय टिकलं?" मी म्हणालो. "गळलंच की."

"ते मी कुठं केलतो?" तो म्हणाला. "आक्कानं केलतं."

त्याने एल्बो गल्ल्यावर ठेवला.

"मी एक जोड करून दावला. तिनं उघडून बघितला आणि म्हणाली, लई जाड गुंडाळलास रं, हे कुठं आत जाणार? माझी टेप सोडली आणि आपणच गुंडाळाय बसली. विड्या वळलेला हात तो, दाजी. असं वढून वढून, आट्यांत बसवत, आवळायच्या बाजूनंच. मी नुसता बघत बसलो. मला म्हणाली, निपाणीच्या कारखान्यात असली विडी मुकादमानं फेकून दिली असती तुझी. लई हसलो तवा."

हेच ते हसणं. सोनुबाईने सांगितलेलं.

"मग गळलं कसं?" मी विचारलं.

"तोटी बंद करताना कोण जोर करत हुतं? तोटी पिळली की मागचा एल्बो बी हलतोय. एकदा उलटा हलला की टेप संपली."

जया गेल्यापासून तोटी मीच बंद करत होतो.

त्याने बोलता बोलता चिरलेल्या एल्बोतून तोटी फिरवून काढली. तोटीच्या आट्यांवर टेप तशीच होती. एका जागी सुद्धा गोळा झालेली नाही, टोक कुठे ते कळू नये अशी. यल्लाप्पाने नख लावलं.

"थांब," मी म्हणालो. "दे इकडं."

"दाजी, जुनी काढायला पायजे, न्हाईतर…"

"मी काढतो."

त्याने तोटी माझ्या हातात दिली. मी टोक शोधलं आणि सावकाश सोडवत गेलो. ती तुटू नये म्हणून जपत होतो, तरी तुटत होती. तेरा वर्षं विड्या वळून तिची बोटं काळी पडली होती, ती मी लग्नात बघितली होती. पण वळताना तिला मी कधी बघितलं नाही. लग्नानंतर मीच ते काम सोडायला लावलं. या माणसाने बघितलं होतं.

मग त्याच्या गल्ल्यावरच मी नवी टेप गुंडाळली. "जाड झाली," यल्लाप्पा म्हणाला. मी सोडली, पुन्हा गुंडाळली. "अजून जाड." तिसऱ्या खेपेला त्याने मान हलवली. "मी येऊन बसवून देऊ का?" त्याने विचारलं. मी नको म्हणालो, नवा एल्बो आणि टेप घेऊन निघालो.

घरी येऊन पाईपच्या आट्यांवरचं सूत काढलं, तशीच टेप गुंडाळली आणि एल्बो हाताने आवळला. पान्याला हात लावला नाही. पाणी भरलं, मासे सोडले. आधी ते तळाशी दडून बसले, मग काचेजवळ आले. सकाळी जोडाखालून बोट फिरवलं. कोरडं होतं.

पुढच्या आठवड्यात यल्लाप्पा न बोलावता आला. सोप्यात वाकून त्याने जोड बघितला.

"चांगलं झालंय दाजी. आक्काची टेप अजून जरा पातळ हुती."

दुसरा कोणी बोलला असता तर मला राग आला असता. याच्या तोंडून ऐकून मी त्याला बसायला पोतं अंथरलं. तो बसला.

"त्या दिवशी ती कुठं बसलती?" मी विचारलं.

"हितंच. काचंकडं पाठ करून."

"आणि काय म्हणाली?"

"सांगितलं की तुमास्नी, विडीचं."

"त्याच्याबगर?"

यल्लाप्पा हौदाकडे बघत राहिला. "काय न्हाई दाजी. एवढंच."

मला ते खरं वाटलं नाही. अजून वाटत नाही. दर खेपेला तो आला की मी विचारतो, आणि तो एवढंच म्हणतो. काहीतरी त्याने स्वतःपाशी राखून ठेवलंय. त्याच्या जागी मी असतो तर मीही ठेवलं असतं.