महिन्याचे दोन नकार

प्यो दोकमानला महिन्याला दोन नकार लागत. पालिकेचा भत्ता आणि बायको सुनएचं उपचारकार्ड टिकवायचं, तर रोजगाराच्या शिकवणीला बसायचं आणि दोन दुकानदारांकडून ‘आला होता, जागा नाही’ असा शिक्का आणायचा. त्या कार्डावर सुनएचं रक्त दिवसाआड यंत्रातून धुतलं जाई. त्यामुळे दोकमान नकार अंड्यांसारखे जपून घरी आणी.

अठ्ठावन्नाव्या वर्षी कोण काम देतंय, या भरवशावर सगळं सुरळीत चाललं होतं. शिकवणीत तर मालकापुढे वाकायचं शिकवताना त्याच्याइतकं सुरेख कुणी वाकत नसे. बाई त्याला पुढे उभं करून सांगत, नोकरी मागावी तर अशी.

मार्चअखेर एक शिक्का कमी पडला. उरलं होतं फक्त थाक इनहोचं मासळीच्या रश्श्याचं दुकान. इनहो शाळासोबती. त्याचा बाप दोकमानच्या बापाच्या बोटीवर खलाशी होता. दर सणाला दोकमानची आई त्यांच्याकडे माशांची मुंडकी धाडी, आणि दोकमान ती घेऊन त्यांच्या दारात उभा राहून गल्लीभर ओरडे, मुंडकी आणलीत. हे तो कधीच विसरला होता. देणारे विसरतातच. ज्याच्या ताटात मुंडकं पडतं, त्याला ते डोळ्यांसकट आठवतं.

दोकमान कमरेत वाकला. इनहोनं शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि परत खणात ठेवला.

“उद्या सहाला ये, दोक्म्या. भांडी घासायला.”

“चेष्टा पुरे. शिक्का मार नि सोड मला.”

“चेष्टा कशाची? तुझ्या वॉर्ड ऑफिसला कळवतो की आत्ताच.”

त्यानं खरंच फोन लावला. काम नाकारलं तर भत्ता नि कार्ड दोन्ही जाणार, म्हणून दोकमान गेला. किती मिळकतीपर्यंत कार्ड टिकतं, हेही इनहोनं फोनवरच विचारून घेतलं होतं, आणि पगार ठरवला त्या मर्यादेपेक्षा बरोबर दहा हजार वॉन, म्हणजे एका वाडगाभर रश्श्याच्या किमतीइतका, जास्त. इनहोनं हाकलून द्यावं म्हणून दोकमाननं दुसऱ्याच दिवशी चार वाडगे फोडले. इनहो म्हणाला, खुशाल फोड, तुझा पगार कापणार नाही.

शिकवणीच्या भिंतीवर दोकमानचा वाकलेला फोटो लागला. खाली ‘स्वावलंबी’.

महिन्यानं कार्ड रद्द झाल्याचं पत्र आलं. दोकमान ते घेऊन इनहोपुढे उभा राहिला. थोडे तास कमी कर, एवढंच मागत होता. इनहोनं पत्र दोनदा वाचलं आणि नीट घडी घालून परत दिलं.

“तासच कशाला? उद्यापासून येऊच नकोस. गिऱ्हाईक कमी झालंय.”

वर एक पिशवी हातात दिली आणि दुकानाच्या दारात येऊन गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, “मुंडकी आहेत. वहिनींना रस्सा करून घाल.”

दोकमान तसाच वॉर्ड ऑफिसात गेला. खिडकीतली बान नावाची मुलगी स्वभावानं चांगली होती. तिनं कार्डाचा नवा अर्ज काढून दिला, जिथे सही करायची तिथे पेन्सिलीनं फुली मारली आणि निकाल साठ दिवसांत लागेल म्हणाली. दोकमाननं मनात हिशेब केला: साठ दिवस म्हणजे रक्त धुण्याच्या तीस पाळ्या. पहिली उद्या सकाळी.

“आणि काका,” ती हळूच म्हणाली, “ती पिशवी जरा बाहेर ठेवता का? वास येतोय.”