पास झालेले कान

सुपडू दगा बोरसेचे दोन्ही कान पास झाले. नुसते पास नाही, तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या की असे कान आठ वर्षांच्या पोराचे असतात. त्या वेळी सुपडूला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं, आणि उजव्याने जे येत होतं त्याला ऐकणं म्हणावं की आठवणं, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. पण यातलं काहीच अजून झालेलं नाही असं धरून चालू. सध्या सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि सुरतेत, पांडेसऱ्यातल्या लूमच्या कारखान्याच्या, म्हणजे खात्याच्या, ऑफिसात छोटे शेठ खराब कापडाचा तागा सुपडूच्या पुढ्यात उलगडून उभे आहेत.

"मास्टर, सतरा नंबर पूरा दिन ठोक रहा था," शेठ म्हणाले. "तमने संभळायुं नहीं?"

सुपडूने शेठच्या ओठांकडे बघून प्रश्न नीट वाचला. ऐकू आलं नाही का, असा प्रश्न होता. उत्तर खरं द्यायचं तर प्रश्नसुद्धा ऐकू आला नव्हता.

"पट्टा ढिला झाला होता, शेठ. आता कसला."

"पट्टा तो ढिला होगा ही. मास्टर कशा माटे राख्यो छे?"

मास्टर कशासाठी ठेवलाय, हे खात्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. अठ्ठेचाळीस साचे, म्हणजे लूम, एकदम खडखडत असताना सुपडू मधल्या बोळात डोळे मिटून उभा राहायचा आणि बोट दाखवायचा. त्या बोटाच्या दिशेला ज्या साच्याचा धोटा वाकडा आपटत असेल तो साचा सापडायचा. दुसऱ्या खात्यांचे शेठ हे बघायला यायचे, चहा पिऊन जायचे. आणि परवा त्याच सतरा नंबरला पाठ टेकून सुपडूने दोनदा चहा प्यायला. साचा पाठीमागे लाकडावर लाकूड आपटत दिवसभर बोंबलत होता.

"काननो रिपोर्ट लई आवो," शेठ म्हणाले. "पछी वात."

बाहेर येताच हिलालने चौतीस नंबरवरून हात केला. हिलाल विणकर, सुपडूच्याच गावाकडचा. लूमच्या खात्यात तोंडाने बोलण्याची पद्धत नाही. तिथे कानात ओरडलं तरी पोचत नाही. सगळे ओठ आणि हात वापरतात. अंगठा ओठाला लावला की चहा. पोटावरून गोल हात फिरवला की शेठ येतोय. हिलालने पोटावरून हात फिरवला आणि भुवया उडवल्या. सुपडूने दोन्ही कानांना हात लावले. हिलालला वाटलं, मास्टरने शेठची माफी मागितली.

खरं म्हणजे गंमत इथेच झाली होती. ज्या जागी कुणालाच ऐकू येत नाही, तिथे एक जण बहिरा झाला तर ते कळणार कुणाला? दोन वर्षं उजव्या कानाच्या उरल्यासुरल्यावर आणि अंदाजावर सुपडू खात्यात अगदी ठणठणीत होता. बहिरा व्हायचा तो बाहेर रस्त्यावर, आणि घरी.

सुपडूच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून आईने त्याला जन्मल्याबरोबर सुपात घातलं आणि नाव सुपडू ठेवलं. यमाला तो केरकचरा वाटावा, हा हेतू. यमाला तसं वाटलंही. पण अकरा वर्षांपूर्वी शुगर निघाली आणि तिने कचऱ्यातून एकेक वस्तू वेचायला सुरुवात केली. आधी पाय नेले. म्हणजे पाय जागेवर होते, बातमी येणं बंद झालं. एकदा गोडादऱ्याच्या नाक्यावर डाव्या पायातली चप्पल निसटली आणि तो तसाच खात्यापर्यंत आला. वॉचमनने विचारलं तेव्हा त्याने खाली पाहिलं. मग उजव्या डोळ्यात एक काळा ठिपका येऊन राहिला. शुगरचे डॉक्टर दर तीन महिन्यांनी पाय टोचून बघायचे, डोळ्यात बॅटरी मारायचे, लघवी तपासायचे. कानाचं कधी कुणी विचारलं नाही, आणि सुपडूही बोलला नाही. लूमवाल्याचे कान जातातच, त्यात डॉक्टरला काय सांगायचं?

कानाच्या दवाखान्यात आधी डॉक्टरांनी डाव्या कानात चिमटा घातला आणि राणी रंगाच्या सुताचा एक बोळा बाहेर काढला. सुपडूने तो लगेच ओळखला. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या ऑर्डरचं सूत होतं. आवाज फार होतो म्हणून कारीगर सुताचा बोळा कानात कोंबतात, पाळी संपली की काढतात. हा काढायचा राहिला होता. आत थोडं पिकलंही होतं.

"दुखलं नाही कधी?" डॉक्टरांनी समोर येऊन विचारलं.

"नाही."

"शुगर किती वर्षं?"

सुपडूने दहा बोटं दाखवली आणि एक अंगठा.

बोळा निघाला तेव्हा त्याला क्षणभर वाटलं, हेच होतं सगळं. दोन वर्षं आपण दिवाळीचं सूत कानात घेऊन फिरत होतो, आता सगळं धबधब्यासारखं आत येईल. तो थांबला. पंखा फिरत होता. डॉक्टरांचे ओठ हलत होते. आत काहीच आलं नाही.

मग त्याला काचेच्या खोलीत बसवलं. कानावर मोठे डबे, हातात एक बटण. काचेपलीकडे अमृता मॅडम बसल्या होत्या. नाशिककडच्या, नवीन नोकरी, मोठा चष्मा. त्यांनी आधी समोर येऊन सावकाश सांगितलं, "काका, बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं. शुगरमध्ये कानातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, डोळ्यात होतात ना, तशाच. बारीक आवाज आधी जातात. घाबरायचं नाही. कमी निघालं तर मशीन लावता येतं, शुगर आटोक्यात ठेवली तर उरलेलं टिकतं."

ओठ इतके स्वच्छ होते की सुपडूला एकेक शब्द मिळाला. मशीन, हाही मिळाला. कानात मशीन लावून खात्यात उभा राहिलेला मास्टर त्याने डोळ्यांपुढे आणून बघितला. शेठच्या पुढ्यातही तोच माणूस उभा करून बघितला. मग त्याने बटणावर अंगठा ठेवला.

तपासणी सुरू झाली. सुपडूला काही ऐकू आलं नाही. पण मॅडम आवाज सोडायच्या तेव्हा त्यांच्यासमोरच्या यंत्रावर एक हिरवा दिवा लागायचा, आणि तो त्यांच्या चष्म्यात दिसायचा. तीस वर्षं माणूस अठ्ठेचाळीस साच्यांत एक तुटलेला धागा शोधत असेल, तर त्याला चष्म्यातला दिवा म्हणजे लग्नाच्या मांडवातली झुंबरंच. दिवा लागला, बटण. दिवा लागला, बटण. मॅडम आवाज बारीक करत गेल्या, सुपडू दाबत गेला. मॅडम आणखी खाली गेल्या. सुपडू तिथेही हजर होता. शेवटी मॅडमनी स्वतःच कानाला डबे लावून बघितले, यंत्र बिघडलंय का म्हणून. त्यांना तो आवाज ऐकू आला नाही.

"काका, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत!" त्या बाहेर येऊन म्हणाल्या. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "अकरा वर्षं शुगर असून! मला फार बरं वाटलं."

त्यांना इतकं बरं वाटलेलं पाहून सुपडूने रिपोर्टासाठी हात पुढे केला.

रिपोर्ट बघून छोट्या शेठनी सुपडूच्या पाठीवर थाप मारली. शुगरचे डॉक्टर म्हणाले, चला, कान तरी नशिबाचे निघाले, आणि फाइलीत कानापुढे बरोबरची खूण केली. आता ते त्या बाबतीत काही विचारणार नव्हते. हिलालने काय समजायचं ते समजून घेतलं. एखादा साचा वाकडा वाजायला लागला की तो लांबूनच बोटांनी नंबर दाखवायचा, आणि सुपडू बोळात डोळे मिटून उभा राहून, मग एक डोळा उघडून, त्या दिशेला बोट करायचा. काम पूर्वीसारखं चालू झालं.

राहिलं घर.

सुपडूच्या बायकोने, मालतीबाईंनी, रिपोर्ट लॅमिनेट करून घेतला आणि दिनदर्शिकेच्या शेजारी खिळ्याला अडकवला. सुपडूला वाटलं, कौतुक चाललंय. मग त्या वळल्या आणि समोर येऊन उभ्या राहिल्या, त्यामुळे सगळं वाचता आलं.

"दोन वरीस मी समजी राह्यनू, खातामा आवाज ऱ्हास, बिचाराना कान गयात. हातमधली भाकर ठी दीसन तुमना मोऱ्हे येवू, खांदाले हात लावू, मंग बोलू. आते कागद सांगस, कान चांगला शेतस."

"मालती, आयक..."

"मी काय आयकू? म्हंजे तुमले मन्हंच आयकानं नही."

सुपडूने खरं सांगायचं मनात आणलं. मग गल्लीतला नळ आठवला. मालतीबाईंच्या पोटात गोष्ट सकाळच्या पाण्यापर्यंत टिकत नाही, आणि खात्याच्या वॉचमनची बायको त्याच नळावर येते. नऊला मालतीबाईंना कळलेलं साडेनऊला शेठना कळेल. तो "हं" म्हणाला. दोन वर्षं ओठांवरून जे सुटेल त्या सगळ्याला तो "हं"च म्हणत आला होता. त्यात एकदा घरात शिलाई मशीन आलं होतं आणि एकदा मुलीचं, धनश्रीचं, लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला निघाला, हा भाग वेगळा.

त्या दिवसापासून मालतीबाई बोलायच्या तर ओट्याकडे तोंड करून. कागदाप्रमाणे ते ऐकू यायला हरकत नव्हती. धनश्रीचा फोन आला की सुपडू कानाला लावून मनात तीस आकडे मोजायचा, "बरं बेटा" म्हणायचा आणि फोन मालतीबाईंकडे द्यायचा. आकडे संपले तेव्हा पोरगी सासरचं काही सांगत होती की रडत होती, हे मालतीबाईंना माहीत असायचं. पूर्वी त्या समोर येऊन सांगायच्या.

लाइटच्या सुट्टीच्या दिवशी, आठवड्याची वीज बंद म्हणून, खातं बंद होतं. सुपडू पलंगावर बसून मालतीबाईंच्या पाठीकडे बघत होता. भाकरी थापताना खांदे हलतात आणि बोलतानाही हलतात. त्याने तासभर दोन्हींमधला फरक शोधला. ओठ त्याला चार भाषांत वाचता यायचे. पाठ वाचता येईना. एकदा वाटलं, हसल्या. मग वाटलं, तवा जड असेल.

त्याने दिनदर्शिकेमागून एक कोरा कागद काढला. गावाकडे असताना त्याने ग्रामपंचायतीला पुष्कळ अर्ज लिहिले होते. मजकूर कसा असतो ते हाताला आठवत होतं.

"प्रति, मा. अधिकारीसाहेब, कान तपासणी विभाग, यांसी.

अर्जदार : सुपडू दगा बोरसे, वय ५६, धंदा लूम मास्टर, राहणार गोडादरा, सुरत.

विषय : ऐकू येण्याबाबत.

महोदय, आपल्या रिपोर्टाप्रमाणे अर्जदाराचे दोन्ही कान चालू स्थितीत आहेत. रिपोर्ट भिंतीवर आहे. तरी अर्जदाराची पत्नी सौ. मालतीबाई ओट्यापाशी उभी राहून जे बोलते, ते अर्जदाराला आजतागायत मिळालेले नाही. अंतर अंदाजे सहा फूट आहे.

सबब, सदर रिपोर्टाच्या आधारे मागील दोन वर्षांचे तिचे सुटलेले बोलणे अर्जदारास पोचते करण्याचे आदेश संबंधितांना व्हावेत, आणि यापुढचे वेळच्या वेळी मिळावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू."