गफ्फारमियाँची स्वीडनची तयारी

शेलूबाजारच्या चौकात गफ्फारमियाँचं कापडाचं दुकान आहे. गावात मुसलमानाच्या घरी मयत झाली की कफनाचं पांढरं कापड त्यांच्याच दुकानातून जायचं, आणि कापडाच्या मागोमाग स्वतः गफ्फारमियाँ. पोचले की हुकूम सुरू. कबर खोदायला कोण गेलं, पाणी तापलं का, आता कोणाची वाट पाहून राह्यले? कोणी दबकत म्हणालं, "लेक पुण्याहून निघाला, जरा थांबू," तर हा माणूस ऐकेल तर शपथ. "मय्यतले थांबवू नये, तिले तकलीफ होते," एवढंच बोलायचं आणि जनाजा उचलायला लावायचा. चाळीस वर्षांत लोकांनी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या असतील, पण त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही.

आणि वेळ कशी येते बघा. त्यांचा एकुलता एक मुलगा अमान स्वीडनमध्ये एका कंपनीत कामाला होता. जानेवारीतल्या एका सकाळी सायकलवर कामाला निघाला, बर्फावरून घसरला आणि बसखाली गेला. वय एकोणतीस. फोन केला तो त्याच्या खोलीतल्या जोडीदारानं, विनोदनं. हा विनोद परतवाड्याचा.

दोन दिवसांनी विनोदनं सगळं नीट समजावलं. मयत इकडे आणायची तर कागदपत्रांतच महिना जाईल. तिथल्या मशिदीची माणसं शुक्रवारी दफन करायला तयार आहेत. "पन काका, इथं घाई नसते कोनाले. इथले लोक तीन-तीन आठवडे ठेवते. दवाखान्याच्या थंड खोलीत राह्यते. तुमी येनार असान तर मी थांबवून ठेवतो."

"थांबव," गफ्फारमियाँ म्हणाले. "मी येतो."

एका क्षणाचाही विचार नाही. चाळीस वर्षांचा हुकूम कुठल्या कुठे गेला. बाप होता, काय करणार?

तयारीला लागले ते असे लागले की बघणाऱ्यांना भीती वाटावी. मक्केला उमऱ्याला जायचं म्हणून पासपोर्ट काढून ठेवलेला होता, तो पेटीतून निघाला. अकोल्याहून जाड कोट आला. दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायचे, "शून्याच्या खाली बारा म्हंजे किती थंडी असन?" गिऱ्हाईक बिचारं काय सांगणार! पांढऱ्या कापडाचा नवा तागा उघडून त्यांनी स्वतःच्या हातानं कफन फाडलं, घडी घातली आणि बॅगेत सगळ्यात खाली ठेवलं. पोराच्या अंगाला परक्या दुकानाचं कापड लागू द्यायचं नव्हतं.

व्हिसाचा फॉर्म भरायला ते तौकीरकडे गेले. तौकीरचं ऑनलाइन कामांचं दुकान चौकातच आहे.

"चाचा, कायले चालले हे लिहा लागते. फिराले, धंद्यासाठी, का भेटीले?"

"भेटीले," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "पोराच्या भेटीले."

तौकीरनं तसंच भरलं. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, त्याची पहिली तारीख पुढच्या बुधवारची होती. त्यानंतर व्हिसाला पंधरा दिवस. "सारे मिळून वीस-बावीस दिवस धरा. फोटो तेवढा उद्या आना, मंग पाठवून देतो."

गफ्फारमियाँ उठले नाहीत. सहा वर्षांपूर्वी तौकीरचा बाप वारला तेव्हा तौकीर हैदराबादेत होता. येताना वाटेत हिंगोलीहून त्यानं फोन केला होता, दोन तास थांबा म्हणून. गफ्फारमियाँनी थांबू दिलं नाही. तौकीर पोचला तेव्हा लोक कब्रस्तानातून परतत होते. त्यानंतर त्यानं ह्या विषयाचा कधी उच्चार केला नव्हता, आणि आजही करत नव्हता. गफ्फारमियाँना तेच सहन होईना.

"तू कायी म्हनत काहून नाई?"

"काय म्हनू चाचा?" तौकीरनं मान वर केली नाही. "तुमी जा. मिट्टी देल्याशिवाय राह्यलं तर काय होते, मले मालूम हाये. दुश्मनावरही येऊ नये ते."

त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गफ्फारमियाँ मान खाली घालून घरी आले.

घरी त्यांची बायको हुस्नाबानो ओट्यावर बसली होती. अमान गेल्यापासून तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. त्या दिवशी बोलली. घरात दोघं उर्दूच बोलतात, मी आपलं आपल्या बोलीत सांगतो.

"किती दिवस म्हने तौकीर?"

"वीस-बावीस."

"तोवर पोट्टा फ्रिजमंदी राहीन?"

"थंड खोली म्हनते त्याले."

"फ्रिजच हाये तो. त्याले कुठं सहन होत होती थंडी? दिवाळी झाली की स्वेटर काढाचा."

"मले एक डाव पाहू दे त्याले, हुस्ना. माह्या हातानं मिट्टी देऊ दे. साऱ्या गावाले देली मी."

"तुमाले मिट्टी द्याची हाये," ती म्हणाली. "त्याले मिट्टीत जाचं हाये. आधी कोनाचं पाहाचं?"

गफ्फारमियाँ तिथेच ओट्यावर बसले आणि हमसाहमशी रडले. इतक्या मयती उठवल्या, पण ह्या माणसाच्या डोळ्यात कोणी पाणी पाहिलं नव्हतं. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पण बोललेलं तिनं मागं घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते फोटो न घेताच तौकीरकडे गेले. "फॉर्म पाठवू नोको. शुक्रवारी मिट्टी देऊन राह्यले तिकडंच." जायला निघाले, पायरीवरून परत फिरले. "त्या दिवशी दोन तास थांबलो असतो तर कायी बिघडत नव्हतं, तौकीर. माहं चुकलं."

तौकीरनं दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि त्यांना घरापर्यंत सोडायला चालत आला.

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला, तिकडच्या दुपारी, विनोदनं व्हिडिओ लावला. मोबाईल हुस्नाबानोच्या हातात होता. पांढरं मैदान, टोप्या घातलेली पंधरा-वीस माणसं, यंत्रानं खोदलेली सरळ कडांची कबर. तिकडच्या रीतीप्रमाणे मयतीची लाकडी पेटीच खाली उतरली. चेहरा दिसला नाही.

"काका, आता लोक माती देऊन राह्यले. मी देऊ काय? मी आपला हिंदू मानूस, मले चालते का?"

"तूच देजो, बेटा. मुठीनं द्याची, तीन डाव. हातमोजा काढून घे."

"काढला."

"पैली माह्या नावानं."

विनोद वाकला. गफ्फारमियाँचे ओठ हलत होते.

"दुसरी त्याच्या अम्मीच्या नावानं."

हुस्नाबानोनं फोन आणखी जवळ घेतला.

"तिसरी कोनाची, काका?"

"तिसरी तुही," गफ्फारमियाँ म्हणाले. "तू होता त्याच्यापाशी. मी नव्हतो."

विनोदला रडू आवरलं नसावं. त्यानं फोन तसाच खिशात टाकला आणि पडदा काळा झाला. पण आवाज येत राहिला, फावड्यांचा आणि पेटीवर पडणाऱ्या ढेकळांचा. हळूहळू ढेकळं मातीवरच पडू लागली आणि आवाज बसका होत गेला. कबर पूर्ण भरेपर्यंत दोघं ते ऐकत बसली.