मागचे येऊ देत

“चिमणे, मागचे येऊ देत गं. एवढी कसली घाई?”

शाळेच्या वाटेवर दादाचा हा आवाज पाठीवर हात ठेवल्यासारखा यायचा. घशाच्या ऑपरेशनात तो आवाज गेला.

दादाचं भरतकामाचं दुकान. गिऱ्हाईक काही विचारी, दादा पाटीवर लिहू लागे. लिहून होईतो गिऱ्हाईक वहिनीकडे वळलेलं असे. ते वळणं मला बघवेना. म्हणून टाइप केलेलं बोलून दाखवणारा प्रोग्राम लिहिला आणि पेन ड्राइव्हवर घालून आणला.

दुकानातला कॉम्प्युटर चालवणाऱ्या जुन्या लिनक्सने त्याला उंबऱ्यावरच अडवलं. ‘लायब्ररीची नवी आवृत्ती हवी.’ मी तो बांधला होता माझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर. आणि प्रोग्राम जिथे बांधावा, तिथल्या लायब्ररीशी, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडच्या साठ्याशी, त्याची गाठ पडते.

मग मी आणखी शहाणपण केलं. नवी लायब्ररीच उचलून दादाच्या कॉम्प्युटरवर टाकली. तिथला जो तो प्रोग्राम जुनीच्या आधाराने उभा; सगळे एका दमात आडवे. साधी फाइलींची यादीही दिसेना.

“आधी नवरा मुका, आता हाही,” वहिनी म्हणाली. “नवा घेऊ म्हटलं की ह्यांचा आपला नन्नाचा पाढा.”

दादाचे खांदे हसण्याने हलले. त्याने भरतकामाच्या मशीनकडे बोट दाखवलं. ती याच्यावरच चालते ना.

“नव्यावरही चालते. विकणारा सांगून गेलाय.”

दादाने मान फिरवली.

“राहू दे वहिनी,” मी म्हटलं. “त्याला पुढे ओढायचं नाही. मीच मागे जाते.”

जुनी लायब्ररी जागच्या जागी बसवली आणि घरी आले. लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात दादाच्या कॉम्प्युटरवर होतं तेवढंच जुनं लिनक्स मांडलं, प्रोग्राम तिथे बांधायला घेतला. पावलोपावली अडलं. माझ्या सवयीच्या कितीतरी सोयी तेव्हा जन्मल्याच नव्हत्या. एकेक काढली, तिचं काम स्वतः लिहिलं. पुन्हा अडलं, पुन्हा बसले. हट्टालाच पेटले होते.

जुन्यावर बांधलेला तो प्रोग्राम माझ्या नव्या लिनक्सवर बिनतक्रार चालला. मग दुकानात नेला. तिथेही उघडला.

दादा एका बोटाने टाइप करू लागला. वहिनीने भरतकामाची मशीन बंद केली. आवाज दादाचा नव्हता. थांबे मात्र त्याचेच.

“चिमणे, हा कॉम्प्युटर तू बसवून दिलास. मग परगावी गेलीस. तुझ्या हातचं पुसवेना. म्हणून बदलू दिला नाही.”