दोघांनाही हो

आईच्या नावाने परतीची दोन तिकिटं काढलेली होती, एकाच दिवसाची. एक माझ्याबरोबर घरी यायचं, दुसरं ताईबरोबर तिच्या देशात जायचं. वडील जाऊन दीड वर्ष झालं तरी आईने यापुढे कुणाकडे राहायचं, हे फोनवर काही ठरेना. म्हणून ताईने तोडगा काढला. दोघांनाही परक्या अशा तिसऱ्याच देशात आठ दिवस फिरायचं, आईला चार जागा दाखवायच्या आणि शेवटच्या दिवशी तिनेच काय ते सांगायचं. ऐकायला छान होतं. प्रत्यक्षात ती निवडणूक होती. उमेदवार दोन आणि मतदार एकच, तोही पंचाहत्तर वर्षांचा आणि साखरेचा पेशंट.

माझं मेडिकलचं दुकान आहे. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या मला तोंडपाठ आहेत. आईचा सात कप्प्यांचा डबा दर रविवारी मीच भरतो. सकाळी खाण्याआधी साखरेची एक गोळी, एकच. आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "साखर थोडी वर राहिली तर चालेल, खाली जाऊ देऊ नका. वर गेलेली साखर वर्षानुवर्षं छळते, खाली गेलेली अर्ध्या तासात माणूस नेते." मी मान डोलावली. हेच मी रोज काउंटरवरून लोकांना सांगत असतो, मला काय नवीन?

हॉटेलात आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. आई ताईच्या खोलीत झोपायची. सकाळी शाल गुंडाळून माझ्याकडे यायची, कारण चहाची पावडर मी आणली होती. मी गोळी तिच्या तळहातावर ठेवायचो, ती पाण्याबरोबर घ्यायची. "घेतलीस ना?" "घेतली रे बाबा, समोरच तर आहेस." मग ती परत ताईच्या खोलीत तयार व्हायला जायची.

तिथे ताईकडे वेगळं पाकीट होतं. तिने तिच्या डॉक्टरांना विचारून तेच औषध दुसऱ्या नावाचं आणलं होतं. आईला तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "तो दुकानात उरलेलं काहीही देत असेल. त्याच्या गोळ्या आता बंद. मी बोलते त्याच्याशी." ती बोलली नाही, पहिल्याच दिवशी तोंडाला तोंड कशाला, म्हणून. आई "बरं" म्हणाली.

हे मला सगळं नंतर कळलं. तरी आत्ताच सांगून टाकतो. पुढचे चार दिवस मी डोळे असून आंधळा कसा होतो, ते नीट दिसायला हवं.

आई खोटं बोलत नाही. तत्त्व वगैरे काही नाही, तिला जमतच नाही. माझ्या लहानपणी शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, "माझा नवा चष्मा कसा दिसतो?" तर ही बिचारी दोन मिनिटं नुसती खोकत राहिली होती. आता मी विचारणार, "घेतलीस ना?" ताई विचारणार, "माझी घेतलीस ना?" दोघांनाही खरंखुरं "हो" म्हणता यावं, म्हणून तिने तिच्यापुरता सोपा मार्ग काढला. ती दोन्ही घेत राहिली.

पहिल्या दिवशी आम्ही संग्रहालय पाहिलं. दुपारी चहाचा कप उचलताना आईचा हात थरथरला आणि निम्मा चहा बशीत गेला. "दमलीये," मी म्हणालो. "तुझ्याकडे अशक्त झालीये," ताई म्हणाली. त्यावरून आमची जुंपली ती थेट हॉटेलच्या दारापर्यंत. आईने मधे फक्त ब्रेडचा एक तुकडा खाल्ला. बाकीचं जेवण तिच्या घशाखाली उतरत नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणाला तिचं ताट बघायला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी किल्ला होता. वर बोचरा वारा होता आणि आईच्या कपाळावर घाम. मी म्हणालो, "उकडतंय तुला, शाल काढ." ताई म्हणाली, "वेडा आहेस का? घट्ट गुंडाळ गं." आईने एका खांद्यावर शाल ठेवली, दुसऱ्या खांद्यावरून काढली, आणि दोघांकडे पाहून हसली. आम्हीही हसलो.

तिसऱ्या दिवशी ती तिकीटखिडकीवरच्या बाईवर ओरडली. आजवर आई परक्या माणसावर ओरडलेली मी पाहिली नव्हती. मग बसमध्ये ती तोंड उघडं टाकून झोपली, आणि जाग आल्यावर मला विचारलं, "ह्यांना चहा दिलास का?" ताईने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात आईने पिशवीतलं बिस्कीट काढून खाल्लं. दहा मिनिटांत ती ताळ्यावर आली, बाहेरच्या गाई मोजायला लागली, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

साखर तपासायचं मशीन माझ्या बॅगेत होतं. घाम, थरथर, चिडचिड, विसरणं, आणि गोड खाल्ल्यावर बरं वाटणं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, हे काय आहे ते. मशीन मी काढलं नाही. ताईसमोर आकडा वेडावाकडा आला असता, तर ती म्हणाली असती, "बघ, तुझ्याकडे साखरसुद्धा ताब्यात नाही." तेवढ्यासाठी. दुसरं काही कारण नव्हतं, आणि मी शोधतही नाही.

चौथ्या दिवशी तळ्यावरची बोट सकाळी लवकर सुटणार होती. नाश्त्याला वेळ मिळाला नाही. गोळ्यांना मिळाला, दोन्ही खोल्यांत. आईने अर्धं केळं खाल्लं आणि अर्धं पिशवीत ठेवलं.

बोटीच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिला मधे बसवलं. तिचा डावा हात माझ्या हातात होता, उजवा ताईच्या. समोर डोंगर होते, पाणी काचेसारखं शांत होतं. ताई तिला सांगत होती, माझ्या घरापासून असंच तळं दिसतं. मी सांगत होतो, तुझ्या भिशीच्या बायका रोज दुकानात येऊन तुझी चौकशी करतात. आईचा हात ओला आणि गार लागत होता. पाण्याचे तुषार असतील, असं मी स्वतःला समजावलं.

"मला घरी जायचंय," आई म्हणाली. जीभ जड झाली होती.

"कुणाच्या घरी, आई?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

तिने आधी ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्हा दोघांना ती ओळखत नव्हती. मग तिची मान माझ्या खांद्यावर पडली आणि डोळे पांढरे झाले.

तेव्हा कुठे माझं डोकं चालायला लागलं. बोटीवरच्या माणसाकडून साखर मागितली, ओली करून बोटाने तिच्या गालाच्या आत चोळली. ताई तिला हाका मारत होती. बोट वळून धक्क्याला लागायला पंचवीस मिनिटं लागली. दात घट्ट मिटलेले, श्वास घरघरणारा, आणि मी मनाशी एकच घोकत होतो, एका गोळीने हे होत नाही, एका गोळीने हे होत नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "आज साखरेचं औषध कुणी दिलं?"

"मी," मी म्हणालो.

"मी," ताई म्हणाली.

डॉक्टर आमच्याकडे बघत राहिले. आम्ही एकमेकांकडे.

दोन दिवस सलाईन चालू होतं. वर आणलेली साखर दुपारपर्यंत परत घसरायची, कारण गोळ्यांचा असर अंगातून जायला वेळ लागतो. आई शुद्धीवर आल्यावर ताईने रडतच विचारलं, "का घेतल्यास गं दोन्ही?" आई म्हणाली, "दोघंही मायेनं देत होतात. कुणाची फेकू?"

तिसऱ्या दिवशी सोडायची वेळ आली. नर्स कागद घेऊन आली. एका ओळीवर तिने बोट ठेवलं. यापुढे पेशंटची औषधं कुणाच्या हातात राहणार, त्या एकाच माणसाचं नाव इथे हवं. तिने पेन आमच्या दोघांच्या मधे धरलं.

"तू लिही," ताई म्हणाली. "तुला औषधांतलं कळतं."

जन्मात पहिल्यांदा तिने हे कबूल केलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला दिसत होती ती माझ्या खांद्यावर पडलेली मान. पुन्हा तसं झालं तर या वेळी हात माझा एकट्याचाच असणार होता.

"नको, तूच लिही," मी म्हणालो. "तुझ्याकडे हॉस्पिटलं चांगली आहेत."

"पण तिला सवय तुझ्याकडची आहे."

"हवा तुझ्याकडची चांगली, ताई. तूच म्हणतेस ना?"

"अरे, मी दिवसभर ऑफिसात असते. तुझं दुकान घराखालीच आहे."

कित्येक वर्षांत आम्ही एकमेकांशी इतक्या गोडीने बोललो नव्हतो. नर्सला आमची भाषा कळत नव्हती. दोन मुलं आईसाठी काहीतरी चांगलं ठरवताहेत असं वाटून ती कौतुकाने हसत होती.

आई उशीला टेकून डोळे मिटून पडली होती. झोपली आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

"थांबलात का रे?" ती डोळे न उघडताच म्हणाली. "भांडा की माझ्यासाठी."