वासरू, विहीण आणि बाटली

"आमच्याकडे वीस गुरं होती," हे वाक्य मी विरारच्या मनवेलपाड्यातल्या आमच्या सोसायटीत इतक्या वेळा म्हटलं आहे, की पिशवीतलं दूध नासलं तरी बायका माझ्याकडे दाखवायला आणतात. वाक्य खोटं नाही. गुरं वीसच होती. आमच्याकडे म्हणजे माझ्या मामाकडे, कऱ्हाडजवळ, आणि मी तिथे मे महिन्यात आंबे खायला जायचे, एवढं मी सांगत नाही. कुणी विचारलं तर सांगेन. आजवर कुणी विचारलेलं नाही.

म्हणूनच त्या दिवशी सकाळी माझ्या लेकीचा, क्षितिजाचा, भुईगावहून फोन आला.

"आई, मोगरी गेली गं." मोगरी म्हणजे तिच्या सासरची गाय. "व्यायली, ताप भरला आणि गेली. वासरू वाटीनं पीत नाही, चमच्यानं पीत नाही, सगळं बाहेर ओततं. डॉक्टरांनी रबराचं निपल दिलंय, बाटलीला लावून पाजा म्हणाले. आज पोटात दूध गेलं नाही तर ते वाचत नाही. मम्मींचा हात प्लास्टरमध्ये, हितेश कामावर. तू ये ना. तुमच्याकडे वीस गुरं होती ना?"

इथे कुणाही शहाण्या बाईनं खरं सांगितलं असतं. मी म्हणाले, "आलेच. मी येईपर्यंत कुणी हात लावू नका."

निघताना मी माझी पाण्याची बाटली भरून घेतली. ही बाटली भुईगावात माझ्याइतकीच प्रसिद्ध आहे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणी पिऊ नये, असं माझी आई मानायची, म्हणून मीही मानते. आईच्या बाकी कुठल्या गोष्टी मी मानल्या, असं विचारलंत तर पटकन आठवणार नाही. पण ही मानते. लग्नाला तीन वर्षं झाली, मी दर वेळी घरून बाटली नेते आणि चारचौघांत झाकण उघडून घोट घेते. एकदा क्षितिजा मला म्हणाली होती, "आई, तू ती बाटली काढलीस ना, की मला वाटतं माझा निकाल लागला, आणि मी पुन्हा नापास." मी म्हटलं, "काहीतरीच काय! रीत आहे ती." आणि आणखी एक घोट घेतला.

पोचले तेव्हा विहीणबाई, म्हणजे क्षितिजाच्या मम्मी कमळीताई, ओट्यावर बसल्या होत्या. उजवा हात गळ्यात आणि पाठ गोठ्याकडे. मोगरीला त्यांनी वासरू असल्यापासून वाढवलेलं. ती गेल्यापासून त्या गोठ्यात पाऊल टाकत नाहीत, असं क्षितिजानं मला गेटवरच कुजबुजून सांगितलं.

"या विहीनबाई. पानी आनायला सांगू?"

"नको, माझं आहे."

"असंलच," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाडीतल्या केळींकडे बघत बसल्या.

गोठ्यात वासरू उभं होतं. कालवड होती, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, पाय चारही वेगवेगळ्या दिशांना. डोळे इतके मोठे की त्यात मला मी दिसले. पोट खपाटीला गेलेलं. मला एकदम गलबलून आलं आणि त्याच वेळी कळलं की मामाच्या वीस गुरांपैकी एकालाही मी कधी हात लावलेला नव्हता. एक बैल माझ्या मागे लागला होता, तेवढीच काय ती ओळख.

"आधी बाटली हवी," मी अधिकारवाणीनं म्हणाले.

निपल दाखवून क्षितिजा म्हणाली, "हे बिअरच्या बाटलीला बसतं म्हणे. आपल्याकडे नाहीये."

"मी बघते," असं म्हणून मी कुंपणापाशी गेले. पलीकडे आल्बिनाबाई राहतात. भली बाई, नाताळात करंज्यांचं ताट पहिलं इकडे पाठवते. पण बाहेरगावच्या विहिणीनं भर सकाळी कुंपणावरून बिअरची बाटली मागायची, हे माझ्या जिभेला काही जमेना. शिवाय वासरासाठी हवी म्हटलं असतं तर त्यांनी चार सल्ले दिले असते, आणि वीस गुरांच्या मालकिणीनं सल्ले ऐकायचे म्हणजे काय! मी नुसतंच म्हणाले, "आल्बिनाबाई, एक बाटली मिळेल का हो?"

त्यांचा चेहरा खुलला. "मिळेल की! यंदाची देऊ की गेल्या वर्षाची?"

बिअरलाही वर्ष असतं हे मला नवीन होतं. "जुनी चालेल," मी आवाज खाली आणून म्हणाले.

"जुनीला जोर नाही राहत हो. यंदाची न्या. अंगावर येते अशी झालीय."

"अहो, रिकामी हवी. रिकामी!"

"रिकामी?" त्या जरा हिरमुसल्या. आत गेल्या, बराच वेळ काहीतरी ठोकल्यासारखा आवाज आला, मग एक तपकिरी बाटली घेऊन आल्या. "आताच मोकळी केली. नीट धुवा हं, बाटलीची आहे."

बाटली बाटलीचीच असणार, कळशीची कशी असेल? भोळी बाई आहे, असं मनाशी म्हणत मी परतले.

धुताना मी विहिरीचं पाणी घेतलं नाही. आजारी वासराला फिल्टरचंच बरं, म्हणून माझ्या बाटलीतलं सगळं पाणी तिच्यात ओतलं, दोनदा खळखळवलं, फेकलं. काच इतकी गडद की आतलं काही दिसत नव्हतं. वास मात्र छान येत होता. आल्बिनाबाईंकडे आज मटण दिसतंय, असं मला वाटलं आणि भूकही लागली.

शेजारच्या गाईचं दूध आणलेलं होतं. कोमट केलं, बाटलीत भरलं, निपल बसवलं. क्षितिजानं मान धरली, मी निपल तोंडात सरकवलं. वासरानं एकदा चोखलं. "बघितलंस?" मी म्हणाले. पुढच्या क्षणी ते शिंकलं. मग मान झटकली, जीभ बाहेर काढली, आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं माझे यजमान श्रीरंग माझ्या नाचणीच्या इडलीकडे बघतात.

"लाजतंय," मी म्हणाले.

पुन्हा निपल लावलं. आता ते ओठच उघडेना. दूध गार लागत असेल म्हणून गरम केलं. गरम लागत असेल म्हणून गार केलं. डोळ्यांवर ओढणी बांधली. पाठ चोळली. अंगाईसुद्धा म्हटली, तेव्हा ते चार पावलं मागे सरलं. मग गुपचूप फोनवर व्हिडिओ पाहिला. त्यात एक माणूस बाटली पुढे करतो आणि वासरू ती गटागटा पितं, इतकंच. सोसायटीच्या ग्रुपवर विचारावं असं क्षणभर मनात आलं, पण तिथे गुरांविषयी लोक मलाच विचारतात.

दुपार कलली. वासरू एकदा बसलं ते उठेना. क्षितिजा त्याच्याजवळ मांडी घालून बसली आणि रडायला लागली. "मी मम्मींना काय सांगू? मोगरी गेली तेव्हाही मीच होते गोठ्यात. माझ्या हातून काहीच जगत नाही."

ते वाक्य फक्त वासराबद्दल नव्हतं. मला ते समजलं आणि मी घाबरले. आणि घाबरले की मी चिडते. घरचे सगळे हे ओळखून आहेत, फक्त वासराला माहीत नव्हतं.

"अगं शहाणे!" मी त्याच्यापुढे गुडघे टेकून ओरडले. "इथे तुझ्यासाठी माणसं रडताहेत आणि तुझे नखरे संपत नाहीत? एवढं सोपं आहे ते! बघ, असं प्यायचं असतं!"

आणि मी ते निपल स्वतःच्या तोंडात घालून जोरात ओढलं.

सांगते, साठी ओलांडलेल्या बाईनं विहिणीच्या गोठ्यात गुडघ्यांवर बसून वासराचं निपल चोखावं, यातच खरं तर पुरेशी नाचक्की होती. पण ती माझ्या लक्षातच आली नाही. कारण माझ्या तोंडात वणवा पेटला होता. जीभ, टाळू, घसा, नाक, सगळीकडे लाल मिरची, आणि मागून मिरी. दुधात दिवसभर मुरलेली. मी किंचाळले. वासरू दचकून उभं राहिलं.

"पाणी!" मी ओरडले. माझी बाटली उचलली, तोंडाला लावली, उलटी केली. थेंब नव्हता. सगळं फिल्टरचं पाणी मी सकाळी ती दुसरी बाटली धुण्यात घालवलं होतं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आल्बिनाबाई धावत आल्या. "काय झालं? काय खाल्लंत?"

"बाटली!" मी कशीबशी म्हणाले. क्षितिजानं ती हुंगली. "आल्बिना आंटी, ह्यात काय होतं?"

"बाटली मसाला! दुसरं काय? मी सांगितलं ना यांना, बाटलीची आहे म्हणून! बाटली मागितली तर आम्ही मसालाच देतो ना. वर्षाचा एकदम कुटून बाटलीत काठीनं ठासून भरलेला असतो तो, दोनदा खळखळवून जातोय होय?" मग त्यांची नजर निपलकडे आणि वासराकडे गेली. "अरे देवा! ह्या पोरीला पाजलंत?"

आणि तेव्हा मला हसणं ऐकू आलं. कमळीताई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. मला निपल चोखताना त्यांनी पाहिलं होतं. प्लास्टरचा हात पोटाशी धरून त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हसता हसता त्या कधी रडायला लागल्या ते कळलंच नाही. डाव्या हातात तांब्या होता.

"पानी," त्या म्हणाल्या.

आता मी जे केलं ते माणसात बसण्यासारखं नाही. तोंडात आग लागलेली, नाक वाहतंय, आणि मी त्या तांब्याकडे बघून थांबले. खरंच थांबले. आईची रीत आठवली. क्षितिजाकडे पाहिलं तर ती माझ्याकडे न बघता वासराच्या कानामागे खाजवत होती. तिला उत्तर माहीत होतं.

"घ्या हो," कमळीताई हळूच म्हणाल्या. "वासराला तरी कारन होतं. त्याच्या तोंडाला आपन तिखट लावलं. तुमच्या तोंडाला आमी काय लावलं?"

मी तांब्या घेतला आणि घटाघटा प्यायले. अंगावर सांडलं, पदर भिजला. रिकामा करून पुढे केला आणि म्हणाले, "अजून."

क्षितिजा उठली, तांब्या घेऊन विहिरीकडे जवळजवळ पळत गेली. पोर लहानपणी शाळा सुटल्यावर अशी पळायची.

मग आम्ही निपल उकळून घेतलं, चारचारदा हुंगलं. नवी बाटली शोधायला कुणी गेलं नाही. मी माझी विरारची बाटली पुढे केली. निपल जरा ताणून बसलं. पातेल्यात उरलेलं दूध कोमट केलं. पण वासराचा आता रबरावर विश्वास उरला नव्हता, आणि त्यात त्याची चूक नव्हती.

"तुमी तरी शिकवा, विहीणबाई," मी म्हणाले. बोलता बोलता माझ्याही तोंडून त्यांच्यासारखं 'तुमी' निघालं.

"मला कुठं येतंय? आमच्याकडं वासराला आय असायची. बाटली कोनी पाजली?" त्या दारातच उभ्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, "तुमच्याकडं वीस होती ना?"

"मामाकडे होती. मी आंबे खायला जायचे."

"मला वाटलंच. लग्नात तुमी आमच्या बैलाला बघून मांडवामागं पळालेलात."

त्या आत आल्या. जमिनीवर बसल्या. डाव्या हाताची दोन बोटं दुधात बुडवून त्यांनी वासराच्या तोंडाशी नेली आणि ओठ मुडपून एक आवाज काढला, बारीक, चुचकारल्यासारखा. मोगरीला त्या तसंच बोलावायच्या, हे मला नंतर क्षितिजानं सांगितलं. वासराचे कान हलले. पोटात असल्यापासून ऐकला असेल तो. त्यानं बोटं हुंगली. चाटली. चोखायला लागलं. मी बाटली बोटांच्या बाजूनं सरकवली, कमळीताईंनी एक बोट काढलं, मग दुसरं. क्षितिजानं श्वास रोखून धरला होता.

वासरू थांबलं. आम्ही चौघीही थांबलो. मग त्यानं मान पुढे करून बाटलीला अशी ढुशी दिली की मी मागे शेणात बसले, आणि ते पीत राहिलं. फेस गळत होता, शेपूट हलत होती.

कमळीताई म्हणाल्या, "चला. दोन्ही हट्टी एकाच दिवशी प्याली."

संध्याकाळी निघताना सवयीनं मी पिशवीत बाटली चाचपली. ती गोठ्यात खुंटीला टांगलेली होती. क्षितिजा गेटपर्यंत सोडायला आली. मग चप्पल मातीत घासत म्हणाली, "आई, आमच्या विहिरीचं पाणी कसं लागलं गं?"

"कसलं काय! जीभ भाजलेली, चवच कळली नाही," मी म्हणाले. "परवा येते पुन्हा प्यायला."

ती हसली आणि मला घट्ट धरून उभी राहिली. माझ्या पाठीला शेण होतं, तिच्या हाताला दूध होतं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. त्याला थोडं थांबावं लागलं.